बाटलीतलं दूध

"भाऊजी, इकडं या. पू झालाय वाटतं." वहिनींच्या हातात ड्रेनची बाटली होती आणि बाटलीत दुधासारखं पांढरं पाणी.

दादाच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन पुण्यात झालं होतं. डाव्या मानेतल्या गाठीही काढल्या होत्या. नेप्तीच्या कांदा मार्केटात हमाली करताना तंबाखूची डबी कधी त्याच्या खिशातून हलली नाही. मानेतला एक ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाटलीत काढणारी नळी, तसाच ठेवून आम्ही त्याला केडगावला घरी आणलं. रोज किती मिली भरतं ते लिहा, एवढं सिस्टरांनी बजावलं होतं. मी पोरीच्या शाळेची एक वही घेतली. मिलीच्या रकान्याशेजारी दादाला नाकातल्या नळीतून काय दिलं तेही लिहीत गेलो. विसरू नये म्हणून, दुसरं कारण नव्हतं.

घरी आल्यावर वहिनी नाकातल्या नळीतून दूध द्यायला लागल्या, त्यात तूप. माणूस अर्धा झाला होता, ताकद यायला नको? आदल्या दिवशी ३० मिली भरलं होतं. आता २००.

पण ताप नव्हता. जखम लाल नव्हती, घाण वास नव्हता. हा कसला पू? डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, उद्या सकाळी घेऊन या.

रात्रभर मी मोबाईलवर वाचत बसलो. पहाटे एक शब्द सापडला : काईल. आपण खाल्लेलं तूप, तेल, साय आतड्यातून थेट रक्तात जात नाही. त्याचा काईल नावाचा पांढरा रस होतो आणि तो छातीतून वर चढणाऱ्या एका नाजूक नळीने डाव्या मानेच्या बुडाशी शिरेत उतरतो. मानेच्या गाठी काढताना ही नळी क्वचित दुखावते, शंभरात एक-दोघांची.

आदल्या संध्याकाळी नेमकं दूध नासलं होतं. वहिनींनी नुसतं मुगाचं पाणी आणि नारळपाणी दिलं होतं. सकाळी बाटली पाहिली तर पाणी पिवळसर, नितळ. वहिनींनी रेणुकामातेला हात जोडले. "गेला पू. आता पुण्याला कशाला न्यायचं?"

माझ्या अंगावर काटा आला. रंग गेला होता, पण गळती थांबली नव्हती; बाटलीत १५० मिली होतंच. दूध बंद, पांढरेपणा बंद. वही सगळं सांगत होती.

रात्री वाचलेली एक गोष्ट आठवली : १६२२मध्ये इटलीत गास्पारे असेल्ली या वैद्याने नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडलं. आतड्याभोवती पांढरे धागे दिसले. त्याला आधी ते मज्जातंतू वाटले. एक कापला तर दूध वाहिलं. मग त्याने उपाशी कुत्रा पाहिला, तर धागे गायब. छातीतली मोठी नळी १६५१मध्ये झाँ पेके या फ्रेंच वैद्याने जगापुढे मांडली. ऑपरेशनआधी रोग्याला उपाशी ठेवतात, म्हणून ही पारदर्शक नळी सर्जनलाही सहज दिसत नाही. हे कळल्यावर माझ्या मनातला सर्जनवरचा राग निवळला.

पुण्यात डॉक्टरांनी बाटलीआधी वही वाचली. पाण्यातल्या ट्रायग्लिसराइडची, म्हणजे चरबीची, तपासणी केली; आकडा १००च्या बराच वर निघाला, म्हणजे ते काईलच. दूध-तूप पूर्ण बंद झालं. पोषणाला स्निग्धांश नसलेली पावडर आणि एमसीटी नावाचं खास तेल आलं. त्यातली चरबी छातीतल्या नळीने न जाता थेट यकृताकडे जाते. गळती कमी व्हावी म्हणून मानेवर दाबपट्टी, उशाशी उंची, ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं. गळती रोज लिटरच्या घरात गेली तर पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. आमची वही उतरत गेली : १५०, ९०, ४०, १५. नवव्या दिवशी ड्रेन निघाला.

ही गोष्ट वाचून मानेच्या ऑपरेशनला कुणी घाबरू नये. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०१५मध्ये दाखवून दिलं : तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेच्या गाठी आधीच काढल्या तर तीन वर्षांनी १००पैकी ८० रोगी हयात होते, नंतर गरज पडल्यावर काढल्या तर सुमारे ६७.

मात्र ड्रेन घेऊन घरी आलात तर वहीत तीन रकाने आखा : किती भरलं, रंग कसा, त्याआधी काय खाल्लं. पाणी पांढरं दिसलं तर घरगुती उपाय नकोत, एमसीटी समजून नारळाचं तेलही नको. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि वही बरोबर न्या.