दाराची खडखड: ‘टक’ एकदा वाजतं की दोनदा?

(पॉडकास्टच्या या भागाची ही लिखित आवृत्ती. लोकलमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे काय की’ काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज थेट एका व्हॉइस नोटपासून सुरू करू. साताऱ्याच्या एका श्रोतीने पाठवली आहे.

“दादा, बाबांनी 9 वर्षं जुनी सेकंडहँड हॅचबॅक घेतली. गाडी मस्त चालते, पण मागचं डावं दार खडखडतं. खड्डा आला की कड-कड-कड. दोन गॅरेज झाली. एकाने दाराचं पॅड काढून आत फोम भरला, दुसऱ्याने सगळीकडे ऑइल मारलं. पंधरा दिवस बरं वाटलं, परत तेच. आता बाबा म्हणतात, गाणी मोठ्याने लाव. काय करू?”

गाणी मोठ्याने लावणं हा आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त उपाय. मीही केलाय, खोटं कशाला बोलू! पण तिला मी एकच प्रश्न परत पाठवला: दार लावताना ‘टक’ असा आवाज एकदा येतो की दोनदा? तिचं उत्तर काय आलं ते शेवटी सांगतो. आधी दारात नेमकं काय असतं ते बघू.

दार धरून कोण ठेवतं?

गाडीचं मागचं दार उघडा आणि समोरच्या खांबाकडे बघा. तिथे लोखंडी कडीसारखा एक आकडा दोन स्क्रूंनी बसवलेला दिसेल. त्याला म्हणतात स्ट्रायकर. आता दाराच्या कडेला बघा. तिथे एक खाच आहे आणि खाचेत खेकड्याच्या नांगीसारखा एक तुकडा. ही नांगी म्हणजे लॅचचा मुख्य भाग. दार लावलं की स्ट्रायकर खाचेत शिरतो, नांगीला ढकलतो, नांगी फिरते आणि त्याला कवेत घेते. नांगी उलटी फिरू नये म्हणून मागे एक छोटा खटका असतो. तो स्प्रिंगच्या जोरावर नांगीच्या दातात जाऊन बसतो. हँडल ओढलं की हाच खटका बाजूला होतो आणि दार सुटतं.

नांगीला असे दोन टप्पे असतात. पहिला ‘टक’ म्हणजे दार अर्धं लागलं. दुसरा ‘टक’ म्हणजे पूर्ण लागलं. हे दोन टप्पे मुद्दाम दिलेले आहेत. दार नीट लागलं नाही तरी ते चालत्या गाडीत एकदम उघडू नये, म्हणून पहिला टप्पा.

मग खडखड कुठून येते?

गाडीतले त्रासदायक आवाज ढोबळमानाने दोन जातींचे. एक करकर: दोन वस्तू एकमेकींवर घासतात, अडकतात, सुटतात. नव्या चपलेसारखं. दुसरी खडखड: दोन वस्तूंमध्ये फट असते आणि हादऱ्याने त्या एकमेकींवर आपटतात. डब्यात एकच लाडू उरलाय आणि तुम्ही डबा हलवताय, तसं. डबा गच्च भरलेला असेल तर आवाज येत नाही, बरोबर?

आजचा सगळा विषय या लाडवात आहे. फट आहे म्हणून आवाज येतोच असं नाही. फट आहे आणि तिथे दाब नाही, तेव्हा आवाज येतो.

आता गंमत बघा. स्ट्रायकर खाचेत सहज शिरायला हवा, म्हणजे थोडी फट तर ठेवावीच लागते. मग नवी गाडी खडखडत का नाही? कारण दाराच्या कडेने रबर असतं, ज्याला गॅरेजमध्ये बीडिंग म्हणतात. दार लागलं की हे रबर दाबलं जातं आणि दाराला सतत बाहेर ढकलत राहतं. त्या दाबामुळे नांगी स्ट्रायकरला एका बाजूने घट्ट टेकून बसते. खड्डा आला तरी तिला हलायला जागा नसते. म्हणजे बीडिंगचं काम फक्त पाणी आणि धूळ अडवायचं नाही. दार गप्प ठेवायचं कामही तेच करतं.

शिवाय कंपन्या आणखी काही गोष्टी करतात. लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून नांगीवर प्लॅस्टिकचा थर चढवतात. खाचेच्या तळाशी रबराचा छोटा ठोकळा असतो, स्ट्रायकर त्यावर मऊ टेकतो. आणि हँडलपासून लॅचपर्यंत पूर्वी लोखंडी सळी जायची, तिथे आता बऱ्याच गाड्यांमध्ये सायकलच्या ब्रेकसारखी केबल असते. सळी दाराच्या पत्र्यावर आपटू शकते, आवरणात बसलेली केबल सहसा आपटत नाही.

गाडी जुनी होते तसं हे सगळं झिजतं. उन्हाने बीडिंग कडक होतं, चपटं होतं, दाब कमी होतो. नांगीवरचं प्लॅस्टिक उडतं. सळीच्या टोकाची प्लॅस्टिक क्लिप सैल होते. स्ट्रायकरचे स्क्रू ढिले होऊ शकतात. आणि इलेक्ट्रिक गाडीत तर इंजिनाचा आवाजच नाही, त्यामुळे पूर्वी झाकली जाणारी बारीकशी खडखडही कानात टोचते.

फोम भरण्याआधी शोधा

त्या दोन्ही गॅरेजवाल्यांचं नेमकं इथेच चुकलं. आवाज कुठून येतो ते न शोधता इलाज केला. शोधायला मशीन लागत नाही. एक सोबती आणि दहा मिनिटं पुरतात. फक्त नियम असा: जो गाडी चालवतो त्याने शोधायचं नाही. तुम्ही मागे बसा, सीटबेल्ट लावा, सोबत्याला हळू चालवू द्या.

1. आधी गाडी उभी असताना दार लावा. बाहेरून दाराची मागची कड तळव्याने आत दाबा आणि सोडा, असं दोन-तीनदा. दार आत-बाहेर हलल्याचं हाताला जाणवलं, बारीक ‘टक-टक’ आलं, तर नांगी आणि स्ट्रायकरमध्ये दाब उरलेला नाही.

2. खराब रस्त्यावर आतून दाराचं पॅड, लॅचच्या जवळ, तळव्याने बाहेरच्या बाजूला दाबून धरा. हँडलला हात लावू नका. जोर लावल्यावर आवाज थांबला तर संशय लॅचवर किंवा पॅडच्या क्लिपवर. नुसतं बोट टेकवल्यावर थांबला तर तो बहुतेक पॅडचाच.

3. काच पूर्ण वर, मग अर्धी खाली. आवाज बदलला तर दोष काचेच्या चॅनलमध्ये आहे. लॅचला हात लावू नका.

4. गाडी उभी करून बंद दारावर मुठीने हलके ठोका. आतून किणकिण आली तर सळी किंवा तिची क्लिप.

5. कागदाची पट्टी बीडिंगवर ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. थोडा विरोध जाणवायला हवा. अलगद निसटली तर तिथे बीडिंग दाबलंच जात नाहीये. हे तीन-चार ठिकाणी करून बघा.

आणखी एक जुगाड: स्ट्रायकरच्या कडीवर कापडी टेपचा एकच वेढा द्या. दार दोन ‘टक’पर्यंत लागतंय हे बघा आणि छोटी चक्कर मारा. आवाज गेला तर चोर सापडला. पण टेप लगेच काढून टाका. ती फाटते, तिचा गोंद नांगीत जातो आणि लॅच चिकटायला लागतं. टेप हा तपास आहे, इलाज नाही.

इलाज, क्रमाने

पहिलं, साफसफाई. लॅचमधली धूळ आणि जुनं काळं ग्रीस साफ करा आणि पांढरं लिथियम ग्रीस थोडंसं लावा. साध्या ऑइलने पंधरा दिवस बरं वाटतं, कारण ते तात्पुरतं मऊ करतं. मग त्यावर धूळ बसते आणि चिखल होतो. बीडिंगला मात्र ग्रीस किंवा ऑइल अजिबात नको, त्याने रबर फुगतं, खराब होतं. तिथे सिलिकॉनचा स्प्रे.

दुसरं, क्लिप. सळीची सैल क्लिप नवी टाका. फार महाग वस्तू नाही, कष्ट आहेत ते पॅड काढण्याचे.

तिसरं, बीडिंग. चपटं, तडकलेलं असेल तर त्याच मॉडेलचं नवं घ्या. जास्त जाड घेतलं तर दार आपटल्याशिवाय लागणार नाही.

चौथं आणि शेवटचं, स्ट्रायकर. आधी मार्करने त्याच्याभोवती रेघ काढा, म्हणजे चुकलं तर परत जागेवर आणता येईल. स्क्रू फक्त सैल करा, पूर्ण काढू नका. काही गाड्यांमध्ये खांबाच्या आतली पट्टी सरकते आणि मग भोक सापडता सापडत नाही. कडी गाडीच्या आतल्या बाजूला एखादा मिलिमीटर सरकवा आणि स्क्रू घट्ट करा. किती घट्ट, ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. हात बसलेला नसेल तर हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या, पण तो करत असताना शेजारी उभे राहा.

एक मिलिमीटर, दोन नाही

आता कुणी म्हणेल, दाबच हवा ना, मग सरकवू की चांगला चार मिलिमीटर! इथेच धोका आहे. कडी जास्त आत गेली की नांगी दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचत नाही. दार बाहेरून लागल्यासारखं दिसतं, पण अडकलेलं असतं पहिल्याच ‘टक’वर.

त्याने काय होतं? संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत वाहनांसाठी जे जागतिक तांत्रिक नियम आहेत, त्यातला क्रमांक 1 चा नियम दारांच्या लॉकबद्दलच आहे, 2004 सालचा. त्यानुसार बिजागरीच्या दाराचं लॅच पूर्ण लागलेलं असताना उघडण्याच्या दिशेने 9,000 न्यूटन जोर सहन करायला हवं. म्हणजे साधारण 900 किलो वजन टांगल्यासारखं. अर्ध्या लागलेल्या लॅचला हीच अट 4,500 न्यूटनची आहे. बरोब्बर निम्मी.

आणि अर्ध्या लागलेल्या दाराचं बीडिंग पुरतं दाबलं जात नाही. म्हणजे दाब नाही. म्हणजे? खडखड!

आता साताऱ्याचं उत्तर

तिचा मेसेज आला: “दादा, एकदाच वाजतं. आपटलं तरच दोनदा.”

म्हणजे तो आवाज अर्ध्या लागलेल्या दाराचा होता. ऑइल आणि धुळीच्या चिखलाने खटका जड झाला होता, दुसऱ्या दातात बसतच नव्हता. गाडीत इशारा देणारा दिवा होता, पण कुणीतरी आतल्या लाइटचं बटण कायमचं ‘ऑफ’ करून ठेवलेलं. आणि त्या सीटवर रोज शाळेत जाताना तिचा सहा वर्षांचा भाचा बसायचा.

मेकॅनिकने लॅच धुतलं, ग्रीस लावलं. दार साध्या धक्क्याने दोन ‘टक’ वाजवून लागायला लागलं आणि बरीचशी खडखड तिथेच गेली. उरलेली स्ट्रायकर किंचित आत घेतल्यावर गेली. त्यानंतर पुन्हा तपासलं: हलक्या हाताने दोन ‘टक’ येतात ना? येतात. मग काम झालं.

तुम्हीही आज घरी गेल्यावर एवढं करा. दार उघडं ठेवून स्क्रूड्रायव्हरने नांगी हळूच ढकला आणि दोन ‘टक’ मोजा. मग हँडल ओढून नांगी सोडवा, हे विसरू नका, नाहीतर दार लावताना बंद नांगी स्ट्रायकरवर आपटेल. चारही दारांना हे करायला पाच मिनिटं लागतात. आणि हो, तेवढा वेळ गाणी बंद ठेवा.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या गाडीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, मिळून ओळखू. तोवर सांभाळून चालवा!