विक्रीस विलंब होणाऱ्या सदनिकेची आकर्षकता : एक विवेचन
(विशेष संदर्भ : पुणे शहरातील जुन्या सदनिका)

प्रस्तावना :

अन्न, वस्त्र व निवारा या मानवाच्या मूलभूत गरजांपैकी निवाऱ्याची गरज भागविण्यासाठी मध्यमवर्गीय कुटुंब आयुष्यातील सर्वांत मोठी गुंतवणूक करीत असते. घर खरेदी करताना कोणती काळजी घ्यावी याविषयी विपुल लेखन झालेले आहे. घर विकणाऱ्याच्या अडचणींचा विचार मात्र त्या मानाने कमी झालेला दिसतो. पुणे शहरात कोथरूड, कर्वेनगर, बिबवेवाडी, सिंहगड रस्ता या भागांत १९८० व १९९० च्या दशकांत तीन-चार मजली, बहुधा लिफ्ट नसलेल्या असंख्य इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील पहिल्या पिढीचे सदनिकाधारक आज वृद्ध झाले आहेत. जिने चढणे अशक्य झालेले सेवानिवृत्त दांपत्य, मुले परदेशी स्थायिक झालेले पालक किंवा आई-वडिलांच्या पश्चात राहिलेले वारस हे या सदनिकांचे प्रमुख विक्रेते होत. वाकड, हिंजवडी, खराडी येथील नव्या संकुलांशी या सदनिकांना स्पर्धा करावी लागते आणि अनेकदा त्या वर्ष-दोन वर्षे विकल्या जात नाहीत. दरम्यान दुसरे घर, औषधोपचार वा नातवंडांचे शिक्षण यांसाठी लागणारा पैसा चार भिंतींत अडकून पडतो.

अशा वेळी “घराला नवा रंग द्या” असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अपुरा आहे. सदनिकेची आकर्षकता सजावटीपेक्षा ग्राहकाच्या मनातील शंकांच्या निरसनावर अधिक अवलंबून असते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१. सदनिका विक्रीस विलंब का होतो याची आर्थिक कारणमीमांसा करणे.
२. किंमत, वास्तूची स्थिती व कागदपत्रे या तीन घटकांचा आकर्षकतेशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
३. विक्रेत्यास उपयुक्त ठरतील असे व्यवहार्य उपाय सुचविणे.

विलंबाची कारणमीमांसा :

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन माहितीच्या विषमतेचा सिद्धांत मांडला. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. वस्तूतील दोष विक्रेत्यास ठाऊक असतात, ग्राहकास नसतात. म्हणून ग्राहक प्रत्येक जुन्या वस्तूकडे संशयाने पाहतो आणि चांगल्या वस्तूलाही योग्य किंमत देत नाही, असा या सिद्धांताचा आशय आहे. जुन्या सदनिकेस तो तंतोतंत लागू पडतो. छत गळते का, पाणी पुरते का, शेजार कसा आहे, कर्ज थकलेले आहे का, हे सर्व मालकास माहीत असते. ग्राहकास मात्र पंधरा मिनिटांच्या भेटीत अंदाज बांधावा लागतो.

येथे कालावधी हा घटकही कार्य करू लागतो. सदनिका जितके दिवस बाजारात राहते, तितका “इतक्या लोकांनी पाहूनही घेतली नाही, म्हणजे काहीतरी गोम असणार” हा तर्क बळावतो. अशा प्रकारे विलंब हेच पुढील विलंबाचे कारण बनते.

दुसरे कारण विक्रेत्याच्या मानसिकतेत दडलेले आहे. डेव्हिड जेनेसोव्ह व क्रिस्तोफर मेयर यांनी १९९० च्या दशकातील बोस्टन शहराच्या सदनिका बाजाराचा अभ्यास करून २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मूळ खरेदीपेक्षा कमी किमतीस विकण्याची वेळ आलेले मालक इतरांपेक्षा जास्त किंमत सांगत आणि त्यांच्या सदनिकांची विक्रीही संथ गतीने होई, असे त्यांस आढळले. पुण्यातील जुन्या सदनिकांचे भाव खरेदीपेक्षा कितीतरी वाढलेले असल्याने तेथे तोट्याचे स्वरूप निराळे असते. ‘शेजारच्या इमारतीत अमुक भाव मिळाला’ हा ऐकीव आकडा मालकाच्या मनात घर करतो आणि त्याहून कमी मिळणारी प्रत्येक रक्कम त्यास तोटा वाटू लागते.

किंमत – आकर्षकतेची पहिली पायरी :

ऐकीव भावाऐवजी नोंदणीकृत व्यवहारांचा आधार घेणे हाच यावर उपाय होय. महाराष्ट्र शासनाच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ‘ई-सर्च’ सुविधेद्वारे परिसरातील व्यवहारांची सूची क्रमांक दोन, म्हणजेच प्रचलित भाषेतील ‘इंडेक्स टू’ पाहता येते. तुलना करताना इमारतीचे वय, मजला, लिफ्ट व वाहनतळ या बाबी सारख्या असाव्यात. क्षेत्रफळाबाबतही हीच दक्षता आवश्यक आहे. जुन्या करारांत ‘बिल्ट-अप’ वा ‘सेलेबल’ क्षेत्र लिहिलेले असते, तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात चटई क्षेत्राची निश्चित व्याख्या दिलेली आहे. तीनुसार बाहेरील भिंती, बाल्कनी व खुली गच्ची वगळली जाते आणि अंतर्गत भिंती धरल्या जातात. प्रत्यक्ष मोजून चटई क्षेत्र सांगणाऱ्या विक्रेत्याविषयी पहिल्याच भेटीत विश्वास निर्माण होतो.

प्रतीक्षेलाही किंमत असते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मालकाची अपेक्षा ६० लाख रुपयांची आहे व ग्राहक आज ५७ लाख देण्यास तयार आहे. हे ५७ लाख ७ टक्के व्याजाने गुंतविल्यास वर्षअखेर ६०,९९,००० रुपये होतात. याउलट सदनिका वर्षभर बंद ठेवून ६० लाखांस विकली आणि देखभाल खर्च दरमहा ३,००० रुपये धरला, तर हाती ५९,६४,००० रुपये राहतात. तीन लाखांसाठी थांबलेला मालक वस्तुतः १,३५,००० रुपयांनी मागे पडतो. भाव वाढत असतील किंवा सदनिकेस भाडे मिळत असेल तर हे गणित बदलते. तथापि ते कागदावर मांडून पाहणे प्रत्येक विक्रेत्याच्या हिताचे आहे.

मध्यस्थाचा सल्ला घेतानाही एक बाब लक्षात ठेवावी. स्टीव्हन लेविट व चाड सिव्हरसन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिकागो परिसराच्या अभ्यासात, मध्यस्थांची स्वतःची घरे इतरांच्या घरांपेक्षा सरासरी साडेनऊ दिवस अधिक बाजारात राहिली व सुमारे ३.७ टक्के अधिक किमतीस विकली गेली, असे आढळले. कारण उघड आहे. दोन टक्के दलालीच्या हिशेबाने किंमत तीन लाखांनी उतरली तरी मध्यस्थाचे केवळ ६,००० रुपये कमी होतात. म्हणून किंमत किती उतरवावी हा निर्णय मालकाने स्वतः, नोंदणीकृत व्यवहार समोर ठेवून घ्यावा. शासकीय मूल्यदर तक्त्यानुसार येणारे मूल्यही पाहावे. कारण करारातील किंमत त्याहून १० टक्क्यांपेक्षा अधिक खाली गेल्यास आयकराचे प्रश्न उद्भवतात.

वास्तूची स्थिती :

पुण्याच्या पावसाळ्यात जुन्या इमारतीची खरी परीक्षा ओल घेते. भिंतीवरील पोपडे, छतावरचे पिवळे डाग व कुबट वास यांमुळे ग्राहकाच्या मनात दुरुस्तीच्या प्रत्यक्ष खर्चाहून कितीतरी मोठा आकडा उभा राहतो. येथे कामाचा क्रम महत्त्वाचा आहे : प्रथम गळतीचे मूळ शोधून ते बंद करणे, नंतर भिंत पूर्ण वाळू देणे आणि त्यानंतरच पुट्टी व रंग. हा क्रम उलटविल्यास पहिल्याच पावसात डाग पुन्हा वर येतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची व सामाईक नळांची गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी आहे, तर सदनिकेतील शौचालय वा सिंकची गळती ही सभासदाची. वरच्या मजल्यावरून पाणी झिरपत असल्यास संस्थेकडे वेळीच लेखी तक्रार करावी.

बंद सदनिकांची एक अडचण सहसा ध्यानात येत नाही. न्हाणीघरातील जाळीखालच्या वळणात साठलेले पाणी आटले की सांडपाण्याच्या नळातील दुर्गंधी व झुरळे घरात शिरतात. आठवड्यातून एकदा तेथे बादलीभर पाणी ओतणे व खिडक्या उघडणे एवढा साधा उपाय पुरेसा ठरतो. गळके नळ, न चालणारी फ्लशची टाकी, सैल बटणे व अडकणारी दारे यांची दुरुस्ती अल्प खर्चात होते. ‘घर सांभाळलेले आहे’ याची साक्ष याच गोष्टी देतात. मोझॅक फरशी बदलण्याऐवजी तिला पॉलिश करावे. नवीन मॉड्युलर स्वयंपाकघरावर लाखो रुपये खर्च करणे बहुधा व्यर्थ जाते, कारण नवा मालक ते आपल्या आवडीने करून घेतो. माळ्यावरील अडगळ व जुनी कपाटे हलविल्यास मात्र तीच खोली मोठी व उजेडाची भासते.

सदनिका दारापाशी सुरू होत नाही, ती फाटकापाशी सुरू होते. जिन्यातील लोंबणाऱ्या तारा, बंद दिवे व धूळ खाणाऱ्या सायकली पाहतच ग्राहक वर येतो. ही कामे एकट्या मालकाची नसली, तरी संस्थेच्या सभेत त्यांचा आग्रह धरता येतो. इमारतीची प्रतिष्ठा वाढणे प्रत्येक सभासदाच्या लाभाचे आहे.

कागदपत्रांची पूर्तता :

पसंत पडलेल्या सदनिकेचा व्यवहारही अनेकदा कागदपत्रांपाशी अडतो, कारण गृहकर्ज देणारी बँक त्यांची छाननी करते. आजवरच्या सर्व हस्तांतरणांचे नोंदणीकृत करार, विक्रेत्याच्या नावाचे भागप्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकत कराच्या पावत्या व संस्थेचा थकबाकी नसल्याचा दाखला यांची संचिका जाहिरात देण्यापूर्वीच तयार असावी. कर्ज फिटले असल्यास मूळ कागदपत्रे बँकेकडून परत घ्यावीत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या निर्देशांनुसार संपूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत ती परत करणे बँकेवर बंधनकारक आहे.

वारसांनी विशेष दक्षता घेणे आवश्यक आहे. नामनिर्देशित व्यक्ती केवळ नामनिर्देशनामुळे मालक ठरत नाही. सर्व वारसांची संमती अथवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसल्यास जाणकार ग्राहक माघार घेतो. वाहनतळाबाबतही संदिग्धता नको. स्टिल्टमधील वाहनतळ विकसकास स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला आहे. म्हणून संस्थेने जागा दिल्याची लेखी नोंद दाखविता आली पाहिजे. जमिनीचे अभिहस्तांतरण वा मानीव अभिहस्तांतरण झाले असल्यास ते आवर्जून सांगावे. पुनर्विकासाची शक्यता त्यावर बरीच अवलंबून असते आणि जुन्या सदनिकेचा ग्राहक ती शक्यताही विचारात घेतो.

दोष झाकावा की सांगावा? :

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, विक्रेत्यास ज्ञात असलेला व ग्राहकास साधारण काळजी घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. हे कायदेशीर कर्तव्य असले तरी व्यवहारातही तेच फायद्याचे ठरते. “मागील पावसाळ्यात या भिंतीस ओल आली होती, गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घेतले, ही त्याची पावती” असे सांगणाऱ्या मालकाच्या इतर विधानांवरही ग्राहक विश्वास ठेवतो. झाकलेला एक दोष उघडकीस आला, तर बाकीच्या खऱ्या गोष्टीही संशयास्पद ठरतात.

निष्कर्ष :

१. विक्रीस होणाऱ्या विलंबाचे मूळ बहुतांशी माहितीच्या विषमतेत व अवास्तव अपेक्षित किमतीत असते.
२. नोंदणीकृत व्यवहारांवर आधारलेली किंमत व मोजलेले चटई क्षेत्र या विश्वासाच्या पहिल्या पायऱ्या होत.
३. सजावटीपेक्षा दुरुस्तीवर केलेला खर्च अधिक फलदायी ठरतो.
४. परिपूर्ण कागदपत्रे हीदेखील सदनिकेची आकर्षकताच होय.

समारोप :

वाणिज्य व अर्थशास्त्राच्या वर्गात माहितीची विषमता, संधिव्यय या संकल्पना आपण शिकवितो. त्यांचा पडताळा विद्यार्थ्यांस स्वतःच्या वस्तीतील एखाद्या न विकल्या गेलेल्या सदनिकेच्या अभ्यासातून सहज घेता येईल आणि अशा प्रकल्पाचा उपयोग त्या सदनिकेच्या वृद्ध मालकासही होऊ शकेल. जुने घर नवे करता येत नाही, परंतु ते निःशंक करता येते. आणि ग्राहक अखेरीस निःशंक घरासाठीच पैसे मोजतो.