टोकियोतील शिकाऊ सेविका आणि आपले घर

वाचकहो, घरात कोणी अंथरुणाला खिळले की आपण ब्युरोला दूरध्वनी करतो आणि दुसऱ्या दिवशी एक मावशी दारात उभ्या राहतात. औषधांच्या वेळा, चहातली साखर, देवघरातल्या दिव्याची वात हे सारे आपण त्यांना सांगतो. परंतु आजीला खाटेवरून कसे उठवायचे, घास कोणत्या बाजूने भरवायचा, लकवा झालेल्या हातात सदऱ्याची बाही कशी चढवायची, हे सहसा कोणी सांगत नाही. ते त्यांना येत असेल असे आपण गृहीत धरतो, आणि त्यांनाही ते कोणी शिकवलेले असतेच असे नाही.

जपानच्या राजधानीत मात्र परदेशातून आलेल्या शिकाऊ सेविकेला नेमके हेच आधी शिकवले जाते. टोकियोतील वृद्धसेवा केंद्रांत आज इंडोनेशिया, व्हिएतनाम, म्यानमार, फिलिपिन्स अशा देशांतील कितीतरी तरुण-तरुणी काम करताना दिसतात. त्या काय शिकतात आणि कशा राहतात, हे समजून घेतले तर आपल्याही घरातील सेवा अधिक सुरक्षित आणि सुसह्य होईल.

त्या तेथे का येतात?

जपानमध्ये पासष्टी ओलांडलेल्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या एक चतुर्थांशाहून अधिक आहे. घरोघरी सुना-लेकींवर पडणारा सेवेचा भार समाजाने वाटून घ्यावा, या हेतूने तेथे एप्रिल २००० मध्ये दीर्घकालीन सेवा विमा सुरू झाला. चाळिशीपासून प्रत्येकाने त्याचा हप्ता भरायचा आणि गरज पडली की तपासणीनंतर ठरलेल्या श्रेणीप्रमाणे सेवा घ्यायची, अशी ही योजना आहे. बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्सा स्वतः द्यावा लागतो. पैशाची सोय झाली, पण सेवा करणारे हात अपुरे पडू लागले. २००८ पासून इंडोनेशियातून, २००९ पासून फिलिपिन्समधून आणि २०१४ पासून व्हिएतनाममधून विशेष करारान्वये उमेदवार येऊ लागले. नोव्हेंबर २०१७ मध्ये परदेशी प्रशिक्षणार्थींच्या योजनेतही वृद्धसेवेचा समावेश झाला. भारतानेही जपानशी २०१७ मध्ये प्रशिक्षणार्थींविषयी आणि २०२१ मध्ये कुशल कामगारांविषयी करार केला आहे. म्हणून हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही.

स्पर्शाआधी शब्द

या मुलींचा पहिला धडा हात लावण्याचा नसतो, बोलण्याचा असतो. खोलीत जाताना आवाज द्यायचा, समोर येऊन वृद्धाच्या डोळ्यांच्या पातळीवर वाकायचे आणि काय करणार आहोत ते सांगायचे. ‘आता कूस बदलू या, आधी उजवा गुडघा वाकवते,’ असे म्हणून मग हात लावायचा. जपानी भाषेत याला ‘कोएकाके’ म्हणतात. ऐकू कमी येणाऱ्या, दृष्टी अधू झालेल्या माणसाला मागून अचानक धरले तर तो दचकतो, अंग ताठ करतो. मग त्याला उठवणे दोघांनाही जड जाते. आधी सांगितले की त्याचे शरीर तयार होते आणि तो स्वतःही थोडे बळ लावतो.

संबोधनाचा धडाही महत्त्वाचा. आपल्याप्रमाणेच आग्नेय आशियातील मुलींनाही वडीलधाऱ्यांना ‘आजी’, ‘आजोबा’ म्हणण्याची सवय असते. तेथील केंद्रांत मात्र आडनावापुढे ‘सान’ जोडून हाक मारण्याची शिस्त आहे, कारण ती व्यक्ती कोणाची तरी आजी असण्यापूर्वी स्वतंत्र माणूस आहे. आपल्याकडे ‘आजी’ या हाकेत माया आहे, ती सोडण्याचे कारण नाही. तरीही निवृत्त मुख्याध्यापिकेला ‘बाई’ म्हटलेले अधिक आवडेल का, हे एकदा विचारून पाहावे.

मदत किती करावी?

जपानच्या सेवा विमा कायद्याचा हेतूच असा सांगितला आहे की, वृद्धाने आत्मसन्मान राखून, अंगी असलेल्या शक्तीनुसार स्वावलंबी जीवन जगावे. शिकाऊ सेविकेला हे तत्त्व पचवणे कठीण जाते. वृद्धांची सारी कामे हातातून काढून घेणे म्हणजे सेवा, असे संस्कार घेऊन ती आलेली असते. आपलेही तसेच नाही का? आजोबांना सदऱ्याची गुंडी लावायला पाच मिनिटे लागतात. आपण ती क्षणात लावून मोकळे होतो. आज वेळ वाचतो, पण सहा महिन्यांनी आजोबांची बोटे ते काम विसरलेली असतात.

उठवण्याची रीतही अशीच. काखेत हात घालून वर ओढणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे. त्याने वृद्धांचा खांदा आणि उचलणाऱ्याची कंबर, दोन्ही दुखावतात. त्याऐवजी खाटेच्या कडेला बसवावे, पावले जमिनीवर टेकवून थोडी मागे घ्यावीत आणि धड पुढे झुकवावे. डोके पायाच्या बोटांच्या पुढे आले की बैठक आपोआप हलकी होते आणि बऱ्याच अंशी माणूस स्वतः उठतो. व्हीलचेअरवर बसवायचे असेल तर ती अंगाच्या सशक्त बाजूला ठेवावी, ब्रेक लावावा आणि पाय ठेवण्याच्या पट्ट्या आधीच वर घ्याव्यात.

लकव्याच्या रुग्णाच्या कपड्यांसाठी तेथे ‘दाक्केन-चाक्कान’ हा चार अक्षरांचा नियम पाठ करून घेतात. मराठीत तो असा सांगता येईल: काढताना आधी धडधाकट हात, घालताना आधी दुर्बळ हात. या एका नियमाने दुखऱ्या खांद्याची ओढाताण थांबते.

घास, ठसका आणि दात

जपानी वैद्यकीय शब्दांतील चित्रलिपी परदेशी उमेदवारांना फार छळते. त्यांतला एक शब्द आहे ‘गोएन’, म्हणजे अन्न किंवा पाणी चुकून श्वासनलिकेत जाणे. त्याला आपल्याकडे ठसका लागणे म्हणतात आणि पाठीवर थोपटून आपण तो विसरून जातो. वृद्धापकाळात मात्र वारंवार लागणाऱ्या ठसक्यातून न्यूमोनिया होऊ शकतो, आणि कधी कधी खोकला न येताही अन्नाचे कण फुप्फुसात उतरतात.

म्हणून जेवणापूर्वी अनेक केंद्रांत ‘पा-ता-का-रा’ असे मोठ्याने म्हणण्याचा व्यायाम घेतात. आपल्या वर्णमालेची ओळख असलेल्याला त्याचे मर्म लगेच उमगेल. ‘प’ ओष्ठ्य आहे, त्याने ओठ मिटण्याची शक्ती वाढते. ‘त’ दंत्य आहे, त्याने जिभेचे टोक हलते. ‘क’ कंठ्य आहे, त्याने जिभेचा मागचा भाग उचलला जातो. ‘र’ म्हणताना जीभ वर वळते. घास तोंडात धरणे, चावणे, मागे सरकवणे आणि गिळणे यांसाठी याच हालचाली लागतात. जेवणाआधी पाच-दहा वेळा हे चार वर्ण स्पष्ट म्हणणे आपल्या आजीलाही सहज जमेल.

भरवताना उभे राहू नये. उभ्याने भरवले की वृद्धाची मान वर होते आणि श्वासनलिकेची वाट उघडी पडते. शेजारी बसून, चमचा खालच्या बाजूने समोर आणावा. हनुवटी किंचित खाली झुकलेली असावी. आधीचा घास गिळला गेला हे पाहूनच पुढचा द्यावा. जेवणानंतर लगेच आडवे करू नये, अर्धा तास तरी बसवून ठेवावे. पातळ पाण्याचाच ठसका लागत असेल, जेवताना आवाज ओलसर होत असेल किंवा वजन घटत असेल, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

तोंडाची स्वच्छताही याच प्रकरणात येते. जपानमधील वृद्धसेवा केंद्रांत झालेला आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की, नियमित मुखस्वच्छता केलेल्या वृद्धांत न्यूमोनियाचे प्रमाण कमी आढळले. ‘दातच नाहीत, मग घासायचे काय?’ असे आपण म्हणतो. दात नसले तरी हिरड्या, जीभ आणि कवळी रोज स्वच्छ करावी. रात्री कवळी काढून ठेवावी.

विस्मरणाला नाव काय द्यावे?

पूर्वी जपानमध्ये स्मृतिभ्रंशासाठी ‘चिहो’ हा शब्द वापरत; त्यात मूर्खपणाची छटा होती. २००४ साली शासनाने तो बदलून ‘निन्चिशो’, म्हणजे आकलनाचा आजार, हा शब्द स्वीकारला. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ आणि ‘म्हातारचळ’ हे शब्द अजून सहज तोंडी येतात. आजाराला असे नाव दिले की माणसाची थट्टा होते आणि उपचार लांबतात.

‘मला घरी जायचे आहे’ असे संध्याकाळी पुन्हा पुन्हा म्हणणाऱ्या आजींना ‘हेच तुमचे घर’ असे समजावून उपयोग होत नाही. सेविका त्यांच्यासोबत चार पावले चालते, घरी कोण कोण असते ते विचारते, थोड्या वेळाने चहा देते. वाद टळतो आणि आजींची भीती ओसरते. भाषा तोडकी-मोडकी असलेल्या मुलींनाही हे साधते, कारण येथे व्याकरणापेक्षा आवाजातील धीर अधिक कामी येतो.

म्हाताऱ्यांना सामावणारे शहर

कामाबाहेर या मुलींना टोकियो शहरही पुष्कळ शिकवते. पहाटे साडेसहाला नभोवाणीवरील व्यायामाच्या सुरांवर उद्यानांत वृद्धांचे घोळके हातपाय हलवताना दिसतात. हा कार्यक्रम १९२८ पासूनचा. रेल्वेत वृद्धांसाठी राखीव आसने १५ सप्टेंबर १९७३ रोजी, वृद्धसन्मानाच्या दिवशी, टोकियोच्या चुओ मार्गावर प्रथम आली. सुगामो भागातील बाजारपेठ तर ‘आजीबाईंची पेठ’ म्हणूनच प्रसिद्ध आहे. तेथील देवस्थानाची यात्रा ४, १४ आणि २४ तारखेला भरते. शेजारच्या इताबाशी भागात महानगराचे वृद्धरुग्णालय आणि संशोधन केंद्र आहे. त्याचे मूळ १८७२ मध्ये निराधारांसाठी स्थापन झालेल्या आश्रमात सापडते. उद्योगपती शिबुसावा एइइची यांनी १९३१ साली मृत्यू येईपर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ त्याची धुरा वाहिली. २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर त्यांचेच चित्र आहे.

सेविकेचीही बाजू

हे चित्र एकतर्फी मांडणे मात्र अन्यायाचे होईल. प्रशिक्षणार्थीला कुटुंब सोबत नेता येत नाही आणि मालक बदलण्याची मुभा सहसा नसते. अनेकांनी मायदेशी दलालांना देण्यासाठी कर्ज काढलेले असते. राजधानीतले घरभाडे परवडत नाही, म्हणून दोघी-तिघी एकत्र राहतात. कित्येक केंद्रांतील रात्रपाळी दुपारी चार-पाचला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहाला संपते. या योजनेवर बरीच टीका झाल्यावर जून २०२४ मध्ये तिच्या जागी नवी व्यवस्था आणणारा कायदा संमत झाला. काही अटींवर काम बदलण्याची मोकळीक त्यात आहे, आणि तो २०२७ पासून लागू व्हायचा आहे.

परक्याच्या आईला हाताने भरवणारी ही मुलगी स्वतःच्या आईचा चेहरा फोनच्या पडद्यावर पाहते. आणि वाचकहो, आपल्या घरी येणाऱ्या मावशी? त्याही कदाचित बीड-जालन्याकडून किंवा कोकणातून, आपले म्हातारे आई-वडील गावी ठेवून आलेल्या असतील. चोवीस तासांच्या नेमणुकीत त्यांच्या झोपेचा हिशेब आपण किती वेळा केला? रात्री चार वेळा उठलेल्या बाईकडून सकाळी अंघोळ घालताना हात निसटला, तर तो दोष तिच्या एकटीचा नसतो.

आपल्या घरी काय करता येईल?

नवीन मावशी आल्या की पहिला अर्धा तास त्यांच्यासोबत खोलीत घालवावा. उठवण्याची, भरवण्याची आणि कपडे बदलण्याची रीत स्वतः करून दाखवावी. शक्य असल्यास फिजिओथेरपिस्टला एकदा बोलावून दोघांनीही शिकून घ्यावी. कोणते काम आजी स्वतः करू शकतात, याची यादी खोलीत लावावी. मावशींची झोप, जेवण आणि साप्ताहिक सुट्टी यांच्या वेळा औषधांच्या वेळांइतक्याच स्पष्ट ठरवाव्यात.

आणि ज्यांची सेवा होत आहे अशा ज्येष्ठ वाचकांना एक विनंती. आपल्याला काय आवडते, काय दुखते, कोणत्या नावाने हाक मारलेली बरी वाटते, हे आपण स्वतः सांगावे. सेविकेच्या गावाची, तिच्या मुलांची चौकशी करावी. हात धरणाऱ्याची आणि ज्याचा हात धरला आहे त्याची अशी ओळख झाली, की दोघांचेही ओझे थोडे हलके होते.