उभा महामार्ग, आडवे रस्ते

कागलला रेल्वे नाही. 1891 साली मिरजेहून निघालेली गाडी कोल्हापूरला येऊन थांबली, ती आजही तिथंच थांबते. त्यामुळं कागलकराचं लग्न, बाजार, दवाखाना, कोर्टकचेरी सगळं रस्त्याच्या भरवशावर. त्यातही आमचं गाव पुणे-बेंगळुरू महामार्गावर, महाराष्ट्राच्या अगदी टोकाला. उत्तरेला वीसेक किलोमीटरवर कोल्हापूर, दक्षिणेला साधारण तेवढ्याच अंतरावर निपाणी. मधे दूधगंगेचा पूल, आणि पूल ओलांडला की थोड्याच वेळात कर्नाटक.

बाहेरच्या माणसाला कागल माहीत असतं ते या महामार्गामुळं किंवा राजकारणामुळं. राजर्षी शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले, 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, एवढं पुष्कळांना ठाऊक असतं. आम्हाला मात्र विचाराल तर कागल म्हणजे महामार्गाला दोन्ही बाजूंनी येऊन मिळणारे रस्ते. महामार्ग उभा, उत्तर-दक्षिण. आमचं जगणं आडवं, पूर्व-पश्चिम. घर एका अंगाला, मळा दुसऱ्या अंगाला. शाळा इकडं, कारखाना तिकडं. रस्त्याबद्दल आमच्याकडं जी काही तक्रार आहे आणि जे काही कौतुक आहे, ते सगळं या उभ्या-आडव्याच्या भांडणातून आलेलं आहे.

आधी कोल्हापूरच्या दिशेनं. कागल सोडलं की लक्ष्मी टेकडी, तिथून पंचतारांकित औद्योगिक वसाहतीचा फाटा. पुढं गोकुळ शिरगावची जुनी एमआयडीसी, तिथल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप, मग उजळाईवाडीचा विमानतळ. सकाळी पाळी सुटायच्या आणि भरायच्या वेळेला हा रस्ता मोटारसायकलींचा असतो. हेल्मेट हँडलला अडकवून जाणारी पोरं बघितली की जीव खालीवर होतो. कोल्हापूरच्या केएमटीची बस, एसटी, प्रवासी भरून नेणारी वडाप आणि कंपन्यांच्या गाड्या, सगळं एकाच वेळी. महामार्ग लांबच्या प्रवाशांसाठी बांधला असं म्हणतात. पण या वीस किलोमीटरवरची निम्मी वर्दळ तरी आपल्याच गावची असावी, असं मला रोज वाटतं.

2000 नंतरच्या दशकात सुवर्ण चतुष्कोन योजनेत हा मार्ग चौपदरी झाला. त्याचा फायदा झाला, हे मोकळेपणानं कबूल केलं पाहिजे. कोल्हापूरच्या दवाखान्यात पेशंट लवकर पोचायला लागला, पोरं घरी राहून कॉलेज करायला लागली. आता सातारा ते कागल या सुमारे 130 किलोमीटरचं सहापदरीकरण चालू आहे. ठिकठिकाणी रस्ता वळवलाय, पुलांची कामं अर्धवट उभी आहेत, सेवा रस्त्यावर धूळ आहे. कामाला वेळ लागतो, ते समजू शकतो. प्रश्न आहे तो भरावाचा.

हा भरावाचा मुद्दा जरा नीट सांगतो, कारण गाडीच्या काचेतून तो दिसत नाही. आमच्या भागातल्या नद्या सह्याद्रीतून निघतात आणि पूर्वेकडं वाहत जाऊन कृष्णेला मिळतात. पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, सगळ्यांचा कल पूर्वेला. महामार्ग या प्रत्येकीला आडवा जातो. पात्रावर पूल असतो, पण पूर आला की नदी पात्रात राहत नाही. दोन्ही काठांची शेतं धरून पसरते. त्या पसरलेल्या पाण्याच्या वाटेत दहा-पंधरा फुटांचा मातीचा भराव उभा असला तर तो बांधाचं काम करतो. वरच्या अंगाला पाणी तुंबतं, खालच्या अंगाला कमी येतं. तुंबलेलं पाणी उतरायला चार दिवस जास्त लागले की ऊस तळातून कुजतो. म्हणून नदीकाठची माणसं भराव नको, खांबांवरचा पूल द्या, असं म्हणतात. खांबांना खर्च जास्त येतो हे खरं. पण भरावामुळं बुडालेल्या पिकाचा आणि पडलेल्या घरांचा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात धरलेला नसतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये याचा अनुभव सगळ्यांनी घेतला. उत्तरेला शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं, दक्षिणेला यमगर्णीजवळ वेदगंगेचं. देशातल्या मोठ्या महामार्गांपैकी एक दोन्हीकडून बंद, आणि मधे कागल. ट्रकांच्या रांगा लागल्या. केरळचे, तमिळनाडूचे, राजस्थानचे चालक गाडीतच अडकले. आसपासच्या गावांनी भाकरी, आमटी, भात करून त्यांना पोचवला. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. दोन वर्षांत दोनदा बुडालेला रस्ता रुंद करताना पहिला विचार पाण्याचा व्हायला हवा, गाड्यांचा नंतर.

दक्षिणेकडं निघालं की वेगळीच दुनिया लागते. कोगनोळीचा टोलनाका आला, पाट्यांवर कन्नड आलं, की राज्य बदललं. माणसं बदलत नाहीत. आमच्या लेकी निपाणीकडं दिल्या, तिकडच्या लेकी इकडं आल्या. 1956 ची राज्य पुनर्रचना झाली आणि निपाणी-बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं; महाराष्ट्रानं 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अजून निकालाची वाट बघतोय. या भांडणाचा तापमापक म्हणजे कोगनोळी. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की बसफेऱ्या थांबतात, पोलिसांचे अडथळे लागतात, मोर्चे तिथंच अडवले जातात. 2022 च्या डिसेंबरमध्ये तेच झालं. करोनाच्या काळात तर आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय पलीकडं सोडत नव्हते. ज्यांचं शेत एका राज्यात आणि दुकान दुसऱ्या राज्यात, त्यांचे त्या दिवसांत काय हाल झाले असतील याचा विचार करून बघा.

याच रस्त्यावर निपाणीजवळ 1981 च्या मार्चमध्ये तंबाखूचे शेतकरी बैलगाड्या घेऊन येऊन बसले. शेतकरी संघटनेचे शरद जोशी त्यांचे नेते. तंबाखूला व्यापारी देतील तो भाव मुकाट्यानं घ्यायचा, ही पिढ्यांची रीत त्यांना मोडायची होती. महामार्गावरच वस्ती उभी राहिली, तिला आंदोलननगर नाव पडलं. तीन आठवड्यांहून जास्त दिवस रस्ता त्यांच्या ताब्यात होता. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, बारा शेतकरी गेले. आज तिथून ताशी शंभरच्या वेगानं गाड्या जातात. निपाणीवरून जाताना मी मुलांना हे सांगतो. ज्या डांबरावरून आपण जातो त्याखाली कुणाचा घाम आणि कुणाचं रक्त आहे, ते त्यांना माहीत पाहिजे.

पूर्वेचे रस्ते मला जास्त आवडतात. कसबा सांगावकडून पट्टणकोडोली, हुपरी आणि पुढं इचलकरंजी. अंतरं थोडी, पण प्रत्येक गावाचा धंदा निराळा. हुपरीत घराघरांत चांदीचं काम. पैंजणाचे वाळे, घुंगरू, त्यांना डाग लावणं, उजळवणं. इचलकरंजीत यंत्रमागांची खडखड. पट्टणकोडोलीत विठ्ठल-बिरदेवाची यात्रा, फरांडे बाबांची भाकणूक. यात्रेच्या दिवसांत भंडाऱ्यानं माणसं, घरं, रस्ता सगळं पिवळं होतं, आणि तो पिवळा रंग डांबराच्या कडेला पुढं कितीतरी दिवस दिसत राहतो. धनगर समाज महाराष्ट्र-कर्नाटकातून लांबून येतो. त्या दिवसांत गाडी घेऊन जाण्यापेक्षा आधीच्या गावात लावून चालत जावं.

याच बाजूला दूधगंगेकाठी सुळकूड आहे. इथून इचलकरंजीला पाणी न्यायची योजना आली आणि दूधगंगाकाठ विरोधात उभा राहिला. शहराला प्यायला पाणी पाहिजे, हे कोण नाकारेल? पण काठच्या शेतकऱ्याला आपल्या पिकाच्या पाण्याची काळजी आहे, तीही खोटी नाही. ज्या रस्त्यानं सुळकूडची माणसं इचलकरंजीच्या बाजाराला जातात, त्याच रस्त्यावर हा वाद उभा आहे. दोन्हीकडचे पाहुणे एकमेकांच्या घरी जेवतात आणि पाण्याचा विषय निघाला की गप्प होतात.

पश्चिमेला जाणारा कागल-निढोरी रस्ता म्हणजे उसाचा रस्ता. सिद्धनेर्लीला दूधगंगा ओलांडली की दोन्ही बाजूंना हिरव्या भिंती. एका कागल तालुक्यात चार साखर कारखाने आहेत: कागलचा छत्रपती शाहू, बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा, हमीदवाड्याचा सदाशिवराव मंडलिक, बेलेवाडी काळम्म्याचा सरसेनापती संताजी घोरपडे. बॉयलर पेटला की दिवाळीनंतर चार-पाच महिने या रस्त्यांवर ट्रॅक्टरचं राज्य. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर टपापर्यंत रचलेला ऊस, स्पीकरवर गाणी. मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या बैलगाड्या पहाटेच्या धुक्यात कडेकडेनं जातात. गावातल्या बाया जनावरांसाठी उसाचं वाडं घेऊन परततात.

हे रस्ते दर पावसाळ्यात का उखडतात, असं पाहुणे विचारतात. ठेकेदाराला शिव्या देऊन हा विषय संपत नाही. इथली माती काळी. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि ओली झाली की फुगते. वर दोन्ही बाजूंना ऊस, म्हणजे वर्षभर पाणी. शेतातलं पाणी मुरत मुरत रस्त्याच्या पोटात जातं, गटार नसेल किंवा बुजलं असेल तर तिथंच राहतं. वरून भरलेल्या ट्रॉल्यांचं ओझं. मग आधी साइडपट्टी खचते, मग डांबराची कड तुटते, मग खड्डा मधे सरकतो. याला उपाय ठाऊक आहे: खाली मुरूम-खडीचा जाड थर आणि दोन्ही बाजूंना वाहतं गटार. गटारासाठी शेतकऱ्यानंही आपला बांध हातभर मागं घ्यायला हवा. रस्त्याची हद्द नांगरून सरी सोडणारे आमच्यातच आहेत, आणि हे गावात कुणी उघड बोलत नाही.

निढोरीच्या पुढं मुरगूड, वेदगंगेकाठचं गाव. इथं निपाणी-देवगड मार्ग मिळतो. तो मुदाळ तिट्ट्यावरून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट करत कोकणात उतरतो. आमच्या ताटात समुद्राची मासळी आणि उन्हाळ्यात हापूस येतो तो या वाटेनं. तिट्ट्याच्या अलीकडं आदमापूर. संत बाळूमामांनी 1966 मध्ये इथं देह ठेवला. अमावस्येला सगळ्या दिशांनी लोक येतात आणि वाहतूक मैलोन्मैल मंदावते. बाळूमामांच्या बकऱ्यांचे कळप दोन्ही राज्यांत फिरतात. असा एखादा कळप रस्त्यावर आला तर इथं कुणी हॉर्न वाजवत नाही. गाडी बंद करतात, हात जोडतात, कळप जाईपर्यंत थांबतात. रुग्णवाहिकेला वाट देताना एवढीच शिस्त आपण पाळली तर किती बरं होईल.

चिकोत्रा नदीकाठच्या सेनापती कापशीकडं जाणारा रस्ता कमी वर्दळीचा. संताजी घोरपड्यांच्या घराण्याचं गाव. कोल्हापुरी चपलेत कापशी हा प्रकारच आहे, तो या गावच्या नावानं. पावसाळ्यानंतर सायकल घेऊन जायचं असेल तर हाच रस्ता धरावा.

आणि शेवटी पाणंदी. कुठल्याही नकाशात ठळक न दिसणाऱ्या, मळ्यांमधून जाणाऱ्या चिखलाच्या वाटा. लेखक आनंद यादव कागलचे. त्यांच्या 'झोंबी'ला 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मळ्यातून शाळेपर्यंत पोचण्यासाठी पोराला काय काय ओलांडावं लागतं, ते त्यांनी जगाला सांगितलं. त्या वाटा अजून आहेत. बऱ्याच पाणंदी अतिक्रमणानं अरुंद झाल्या. काही गावांनी एकत्र बसून त्या मोकळ्या केल्या, मुरूम टाकला, आणि पावसाळ्यातही ऊस बांधावरून थेट गाडीत चढू लागला. माझ्या मते गेल्या काही वर्षांत आमच्या तालुक्यात झालेलं रस्त्याचं सगळ्यात मोलाचं काम ते आहे.

आता आणखी एक उभा रस्ता कागदावर आला आहे. पवनार ते पत्रादेवी, आठशेहून जास्त किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग. पहिल्या आखणीत तो कागल तालुक्यातून जात होता, आणि 2024 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात त्याला सगळ्यात तीव्र विरोध झाला. बारमाही पाण्याची जमीन एकदा गेली की पैशानं परत मिळत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. रस्त्याला माझा विरोध नाही. या लेखात मी रस्त्यांचं कौतुकच जास्त केलंय. पण आधीच्या महामार्गानं तोडलेली शेतं, तुंबवलेलं पाणी आणि ओलांडताना गेलेले जीव यांचा हिशेब अजून पुरा झालेला नाही.

म्हणून रस्ते बांधणाऱ्यांना एकच विनंती. काम सुरू करण्याआधी नकाशा प्रत्येक गावच्या चावडीवर लावा, मराठीत लावा. भराव कुठं, खांब कुठं, भुयारी मार्ग कुठं, पाण्याला मोरी कुठं, हे त्यावर ठळक दाखवा. ग्रामसभेत तो वाचून दाखवा आणि जो माणूस रोज रस्ता ओलांडतो त्याची सही आधी घ्या. आणि कारखान्यांना सांगणं असं की, अंधारात मागून कुणी आदळू नये म्हणून येत्या हंगामात बॉयलर पेटवण्याआधी प्रत्येक ट्रॉलीच्या आणि बैलगाडीच्या मागं रिफ्लेक्टर लागलाच पाहिजे. नसेल तर ती गाडी वजनकाट्यावर घेऊ नये.