जुनी चिप, योग्य प्रोग्रामर

चिखलदऱ्याच्या पावसाळी धुक्यात जुन्या संगणकातील चिपच्या पिना गंजू शकतात. अशी चिप बदलायची तर आतील प्रोग्राम नव्या चिपमध्ये उतरवणारे यंत्र, म्हणजे प्रोग्रामर, हवे. कारागीर बंधूंनी ते घेताना किमतीआधी व्होल्ट पाहावेत. इंटेलची २७१६ चिप वाचायला ५ व्होल्ट पुरतात, पण लिहायला २५ लागतात. मूळ २७६४ ला २१, तर २७६४ए ला १२.५. टीएल८६६-टू प्लस १८ व्होल्टपर्यंतच जाते. टी४८ मात्र २५ देते. स्वस्तात घेतलेले यंत्र इथेच अडते.

ग्राहकाची चिप ही अमानत आहे. तिच्यातील प्रोग्राम आधी दोनदा वाचून जुळवा, प्रत जपून ठेवा, मगच नवी चिप लिहा. प्रत न ठेवता जुनी पुसली, तर कोणतेही यंत्र तो प्रोग्राम परत आणणार नाही.