दोन दरवाजांची कराची

हब नदीपलीकडच्या खरक बंदराचे मुख वाळूने भरत चालले आणि गलबतांना तेथे शिरणे दुरापास्त झाले, तेव्हा सेठ भोजूमल या सिंधी सावकाराने व त्याच्या सोबतच्या व्यापाऱ्यांनी आपल्या पेढ्या आणि बिऱ्हाडे उचलून १७२९ साली ज्या मच्छीमारांच्या वाडीत वस्ती केली, त्याच वाडीची पुढे कराची झाली. नगर वसविण्याचा मान इतिहास बहुधा राजांना देतो; येथे तो जकातीचा आणि नफ्याचा हिशेब जाणणाऱ्या व्यापाऱ्यांकडे जातो, आणि या शहराच्या स्वभावाला तेच शोभून दिसते.

जागेची निवड मात्र मोठी चाणाक्ष होती. पश्चिमेकडून मनोऱ्याचे खडकाळ भूशिर आडवे आल्यामुळे पावसाळी वाऱ्याने खवळलेल्या दर्याचा मारा आतल्या खाडीला बसत नाही, आणि सिंधू नदीचे गाळाने भरलेले मुखप्रदेश पूर्वेकडे दूर राहतात. वस्तीभोवती लाकूड-मातीचा तट उभारण्यात आला, त्यावर मस्कतहून आणविलेल्या तोफा चढल्या, आणि तटाला दोन दरवाजे ठेवण्यात आले: समुद्राकडे उघडणारा तो खारादर, ल्यारी नदीच्या गोड्या झिऱ्यांकडे जाणारा तो मीठादर. तट कधीच नाहीसा झाला. त्या नावांचे मोहल्ले मात्र अद्याप नांदत आहेत.

१८३९ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी मनोऱ्याचा किल्ला घेतला, १८४३ मध्ये सिंध खालसा झाला, आणि १८४७ पासून १९३६ पर्यंत त्या मुलखाचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे, कारण सिंधच्या विद्याखात्यात काम करणाऱ्या नारायण जगन्नाथ वैद्य यांचे नाव कराचीतील १८५५ साली निघालेल्या सरकारी शाळेला आजही आहे. पुढे १८६१ मध्ये कोटरीपर्यंत आगगाडी झाली, अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला भाव चढला, पंजाबचा गहू या धक्क्यावरून विलायतेस जाऊ लागला, आणि बंदराची भरभराट झाली.

हवामानाचे कोडे याहूनही मनोरंजक आहे. मुंबई आणि कराची एकाच अरबी समुद्राच्या काठी, उन्हाळ्यानंतर दोहोंवर वाहणारा वारा नैर्ऋत्येचाच, तरी मुंबईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि कराचीत सरासरी दोनशेच्या आसपास, तोही अतिशय लहरी. याचे कारण असे की, समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेचा थर येथे पातळ असतो आणि त्याच्या माथ्यावर बलुचिस्तानाकडची उष्ण, शुष्क हवा झाकणासारखी बसते. शिवाय वाऱ्याला वर उचलणारा सह्याद्रीसारखा घाटमाथा जवळ नाही. म्हणून जुलैत आभाळ दिवसचे दिवस ढगाळलेले राहते, अंगाला घाम येतो, क्वचित भुरभुर होते, आणि पाऊस काही पडत नाही. मग एखाद्या वर्षी, जसे २०२० च्या ऑगस्टात, तो असा कोसळतो की रस्त्यांचे ओढे होतात.

कराचीकराचा खरा आधार म्हणजे दर्यावरची झुळूक. जून २०१५ मध्ये ती काही दिवस थांबली, पारा चव्वेचाळीस अंशांवर गेला, आणि हजाराहून अधिक माणसे दगावली.

ल्यारीच्या झिऱ्यांवर आता कोणाचीही तहान भागत नाही. शहराचे बहुतांश पिण्याचे पाणी सिंधूचे असून ते ठट्ट्याजवळच्या कींझर सरोवरातून येते.