मासे मजेत आहेत, म्हणून पाणी सुरक्षित नसतं

थंडी पडली की पुण्या-नाशकाकडच्या घरांत फिशटँकमध्ये हीटर बसतो. फिल्टर, एअर पंप आणि दिवा आधीपासून असतातच. म्हणजे काचेच्या एका टाकीभोवती 230 व्होल्टवर चालणारी चार उपकरणं. वर्षानुवर्षं काही होत नाही, म्हणून चुकीच्या समजुती पक्क्या होत जातात.

त्यातली सगळ्यात घातक समजूत अशी : "पाण्यात करंट उतरला असता तर आधी मासे मेले असते." शरीरातून करंट वाहायचा तर शरीराच्या दोन टोकांत व्होल्टेजचा फरक लागतो. हीटरची काच तडकून फेज पाण्यात उतरला, तर बहुतेक वेळा टाकीतलं सगळंच पाणी जवळपास सारख्या व्होल्टेजला जातं. मासा त्यात पूर्ण बुडालेला असतो आणि जमिनीशी त्याचा संबंध नसतो, म्हणून तो निवांत पोहत राहतो. तुमचा संबंध असतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कोपरापर्यंत हात घातलात की करंटला वाट मिळते : हात, छाती, पाय, जमीन. भिजलेल्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो, म्हणजे 230 मिलिअँपिअरपर्यंत करंट. दहाच्या आसपासच स्नायू आखडून हात सोडवेनासा होतो, आणि तिसाच्या पुढे श्वासाला व हृदयाला धोका.

"काही झालंच तर एमसीबी पडेल की!" नाही पडणार. एमसीबी असतो वायरिंग जळू नये म्हणून. सहा अँपिअरचा एमसीबी म्हणजे सहा हजार मिलिअँपिअर. वरच्या 230 ची तो दखलही घेत नाही. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे तो सतत ताडून पाहतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल, तर तेवढी गळती होताच क्षणार्धात वीज तोडतो. एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्हींना हात लागला तर मात्र त्यालाही कळत नाही. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबून पाहावं, आणि खटका पडला नाही तर तो बदलावा. सारखा पडतो म्हणून आरसीसीबी काढून टाकणारे लोक असतात, याचं मला फार वाईट वाटतं. तो पडतोय म्हणजे कुठेतरी गळती आहे. एकेक उपकरण काढून ती शोधायची असते.

स्विच बंद केला म्हणजे झालं, असंही नाही. जुन्या वायरिंगमध्ये कधी कधी स्विच चुकून न्यूट्रलवर जोडलेला असतो. मग बंद हीटरमध्येही फेज हजर असतो. प्लगच काढायचा. पाणी बदलताना तर हीटर पंधरा मिनिटं आधी बंद करून थंड होऊ द्यावा, कारण गरम नळी पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते.

टेस्टर पेटला नाही, हा पाणी सुरक्षित असल्याचा पुरावा नव्हे. आणि "थोड्या मुंग्या येतातच" हे तर अजिबात खरं मानू नका. मुंग्या म्हणजे गळती सुरू झालेली आहे.

वायर कशी सोडली आहे तेही जवळ जाऊन पाहा. टाकीवरून ती सरळ बोर्डात उतरत असेल, तर तिच्यावरून ओघळणारा थेंब थेट सॉकेटमध्ये शिरतो. वायर आधी बोर्डाच्या खाली झोळीसारखी लोंबती सोडून मग वर नेली, तर थेंब त्या झोळीच्या तळाशी गळून पडतो. एक्स्टेन्शन बोर्ड टाकीखाली जमिनीवर ठेवू नये. एअर पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळीत चेक व्हॉल्व हवाच, कारण वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात येऊ शकतं.

घरात आरसीसीबी नसेल तर या आठवड्यातच वायरमनला बोलवा, अर्थिंगही तपासून घ्या. आणि तोवर टाकीत हात घालण्याआधी सगळे प्लग काढा, एकूण एक.